यंत्रावरची हिरवी पुडी

"त्या ल्याओदादांच्या कीबोर्डला कुणीतरी तेल घाला गं," शेजारच्या टेबलावरची फांग-यी उशीत तोंड खुपसूनच पुटपुटली. "तासभराची झोप, तीही टकटक ऐकत काढायची."

"आजच्यापुरतंच आहे," पलीकडून कुणीतरी म्हणालं आणि लगेच गप्प झालं.

दुपारी साडेबाराला नेहमीप्रमाणे जेवणानंतरच्या झोपेसाठी ऑफिसच्या मजल्यावरचे दिवे बंद झाले होते. चाळीस माणसं टेबलांवर डोकी टेकून पडली होती. बाहेर आमच्या शीझी गावचा पाऊस. आमच्याकडे तो पडत नाही, मुक्कामालाच असतो. कोपऱ्यात संगणकाचा एकच पडदा उजळलेला, आणि त्याच्यासमोर ल्याओ चिन-फा, वय वर्षं सत्तावन्न, कोपरं झिजलेला तोच राखाडी स्वेटर.

आमची कंपनी स्कॅनर बनवते. स्कॅनरचं संगणकाशी जमवून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, विंडोजसाठी लिहायला आमच्याकडे अकरा जण आहेत आणि त्यांना काचेची खोली आहे. लिनक्स नावाची दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांसाठी ल्याओदादा आहेत आणि त्यांना कोपरा आहे. एकोणीस वर्षं त्यांनी तो कोपरा एकट्याने सांभाळला.

मी ग्राहकांची पत्रं बघते. मूळची मी कारखान्यात झाकणं बसवणारी. इंग्रजी शिकले ती या तक्रारी वाचून, त्यामुळे त्या भाषेत मला रागावता छान येतं, कौतुक करायचं म्हटलं की अडखळते. लिनक्सची पत्रं मी ल्याओदादांकडे पाठवायची, ते उत्तर लिहायचे आणि खाली त्यांचं नाव घालून मी ते धाडायची. जेवताना ते मला वाचून दाखवत. "श्यूयुन, ब्राझीलचा तो शिव्या देणारा परत आलाय. या खेपेला माझ्या आजोबांनाही सोडलं नाही." बायको गेल्यानंतरच्या वर्षी तर ते दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नसत. एस्टोनियातल्या लेइदाबाई आपल्या गावच्या चर्चमधल्या जुन्या जन्मनोंदी आमच्या यंत्रावर स्कॅन करतात. त्यांच्या गावात किती सालापर्यंतची मुलं नोंदवून झाली, हे ल्याओदादांना तोंडपाठ असायचं.

चौदा महिन्यांपूर्वी आमच्या मॅनेजर फान साहेबांनी मला बोलावलं. वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म आहे. त्यात 'तुमचा संगणक कोणता' अशी यादी येते.

"त्यातली लिनक्सची ओळ काढून टाका, श्यूयुनताई. जे 'इतर' म्हणून येतील त्यांना ठरलेलं उत्तर जाऊ द्या. सेवा उपलब्ध नाही."

"ल्याओदादांना काय सांगायचं?"

"तुम्ही नका सांगू. वेळ बघून मी सांगतो."

मी काढली. दोन मिनिटांचं काम. फान साहेबांना वेळ काही सापडली नाही. मजल्यावर सगळ्यांना कळलं, आणि प्रत्येकाने ते दुसऱ्यावर सोपवलं. मीही.

पत्रं मात्र येत राहिली. 'इतर'मधून. ठरलेलं उत्तर आपोआप जायचं, आणि ती पुसायला माझा हात होईना, म्हणून मी एका फोल्डरमध्ये टाकत गेले. तीनशेच्या वर झालीत. लिनक्सची नवी आवृत्ती आल्यापासून लेइदाबाईंचं प्रत्येक पान काळं येतंय. अकरा वेळा लिहिलं त्यांनी. गेल्या आठवड्यात लिहिलं, यंत्राचं राहू द्या, ल्याओ साहेब बरे आहेत ना, तेवढं कळवा.

दीड वाजता दिवे लागले की फान साहेब ल्याओदादांकडून स्वेच्छानिवृत्तीचा कागद घ्यायला येणार होते. सही झाली की लिनक्सचं काम करणारं कुणी उरणार नव्हतं. एक वाजून दहा मिनिटांनी टकटक थांबली. मी चपला हातात घेऊन कोपऱ्यात गेले.

"सही केलीत?"

"पेन शोधतोय." पेन खिशालाच होतं. "बस. टेबल आवरून झालंय, खुर्ची तेवढी द्यायची राहिलीय."

चाचणीच्या स्कॅनरवर हिरवी पुडी होती. मक्याचे फुगे, नारळाच्या चवीचे. आमच्याकडे चालत्या यंत्राच्या डोक्यावर ती असतेच, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवीच लागते, आणि तारीख उलटू द्यायची नसते. ल्याओदादा दर चार महिन्यांनी न चुकता बदलायचे.

"चौदा महिने, श्यूयुन," ते म्हणाले. "एक पत्र नाही. आधी वाटलं, जमलं एकदाचं. ड्रायव्हर असा हवा, की आहे हे कुणाला कळूही नये. मग वाटायला लागलं, माणसंच सोडून गेली असतील. ब्राझीलवाला तरी शिव्या द्यायला यायला हवा होता की नाही?"

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"संध्याकाळी घरी जाताना खालच्या दुकानात डबा घेतो, तेव्हा ती बाई विचारते, एकच ना? दिवसभरात मला कुणी विचारलेला तेवढाच प्रश्न असतो." ते हसले. "लागत नाही कुणाला, तर बसून कशाला राहायचं? कागद दिला फानने, बरंच केलं."

त्यांनी हात लांब केला, स्कॅनरवरची पुडी उचलली आणि फोडली.

त्या अंधारात तो आवाज केवढा मोठा झाला. कामावरची पुडी कुणी खात नाही. फांग-यीने डोकं उचललं. काचेपलीकडे फान साहेब जागेच होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये मान घातली.

"तारीख आहे अजून तिची," मी म्हटलं. "एप्रिलपर्यंत."

"यंत्र आजपासून मोकळं. घे."

मी एक फुगा घेतला. मऊ पडला नव्हता. ल्याओदादांनी बोटं स्वेटरला पुसली, खिशातलं पेन काढलं आणि कागद पुढे ओढला.

"पत्रं येतात, ल्याओदादा."

कुजबुजायचं ठरवून आले होते. आवाज सगळ्या मजल्यावर गेला.

"रोज येतात. यादीतली तुमची ओळ मी काढली."