उजव्या खांद्यावरचं भोक

मी एक जुना गोलकीपर आहे, मित्रांनो, पण आयुष्यात मी एकही चकती हाताने अडवलेली नाही. मला हात नाहीत. रंगवलेले आहेत.

जाड ताडपत्रीचा एक चौकोन, बर्फावरच्या हॉकीच्या गोलला हुकांनी टांगायचा. त्यावर मुखवटा, पायांचे जाड पॅड, डाव्या हाताचा मोठा हातमोजा आणि उजव्या हातातली काठी. हे सगळं रंगाचं. खरी आहेत ती पाच भोकं. दोन गुडघ्यांपाशी, दोन खांद्यांवर, एक पायांच्या मधे. या खेळात चेंडू नसतो, रबराची चकती असते, आणि नेम धरणाऱ्यांनी ती त्या भोकांतून घालायची. हौकिनिएमी गावच्या क्लबातली मुलं मला प्रेसू म्हणतात. त्यांच्या भाषेत प्रेसू म्हणजे ताडपत्रीच.

माझी गोष्ट मला सरळ ओळीत सांगता येत नाही. जे माझ्यावर आदळलं ते खाली पडलं आणि विसरलं. माझ्यातून जे गेलं तेवढंच आठवतं. म्हणून भोकाभोकाने सांगतो.

डाव्या गुडघ्याचं भोक

हे सगळ्यात आधी कापलं, म्हणून वाकडं आहे.

ताव्हेत्ती आजोबा तेव्हा कोणाचे आजोबा नव्हते. ते तळ्यावरच्या होड्यांची शिडं शिवायचे आणि संध्याकाळी क्लबाचं सामान सांभाळायचे. एका मोठ्या शिडाच्या उरलेल्या कापडातून त्यांनी मला बेतलं. कॉफीची बशी उपडी ठेवली, खडूने गोल काढला आणि सुरी चालवली. सुरी घसरली. तेव्हा ते म्हणाले, पहिलं भोक असंच होतं. उरलेली चार भोकं त्यांनी नीट कापली, काठांना दोरा घातला आणि मला खांद्यावर टाकून हॉलमध्ये आणलं.

पहिल्याच दिवशी माझ्यावर दोनशे चकत्या आदळल्या. मला वाटलं, मी फाटणार. नाही फाटलो. आजोबा जाताना म्हणाले की समुद्रावरचा वारा सोसणारं कापड आहे हे, या पोरांना काय ऐकतंय. इतकं कौतुक मला आधी ठाऊक नव्हतं.

उजव्या गुडघ्याचं भोक

यातून रायली दिसते.

रायली गोलकीपरांची कोच. स्वतः वीस वर्षं गोलमध्ये उभी राहिलेली, बोलायला काटकसरी. तिचा एक नियम होता. गोलकीपर म्हणजे नेम धरायची पाटी नव्हे. बाकीची पोरं नेमाचा सराव करायला लागली की ती गोलकीपरांना बाजूच्या कोपऱ्यात न्यायची. तिथे त्यांनी गुडघ्यावर बसायचं, उठायचं, सरकायचं, पुन्हा बसायचं. आणि गोलमध्ये टांगायचं मला.

ते शिकत असताना त्यांच्या वाटचा मार मी खायचो. माझं काम एवढंच.

तिच्याजवळ एक वही असायची. प्रत्येक पानावर गोलचा चौकोन. तिच्या गोलकीपरवर मारलेल्या प्रत्येक चकतीचा एक ठिपका, अडवलेलीचा पोकळ, आत गेलेलीचा भरीव. सरावाची पानं वेगळी, सामन्यांची वेगळी. ठिपके टिपून ती वही मिटायची. उगाच मागची पानं उलटत बसायची नाही.

पायांच्या मधलं भोक

यातून एक डोळा बाहेर बघायचा. आर्नीचा.

आठ वर्षांच्या मुलांमध्ये इथे प्रत्येकाने आळीपाळीने एक आठवडा गोलमध्ये उभं राहायचं असतं. क्लबाचे पॅड घालायचे आणि रविवारी परत करायचे. आर्नीने ते परत केले नाहीत. आजोबा मागायला गेले तर तो सामानाच्या खोलीत पॅड घालूनच दालचिनीचा पाव खात बसला होता. पुढचा आठवडा योएलचा आहे, असं आजोबांनी त्याला समजावलं. तो म्हणाला, योएलला विचारलंय, त्याला नकोयत.

योएलला खरंच नको होते. त्याला गोल मारायचे होते. दोघांचं तिथे जमलं ते कायमचं.

तर हा आर्नी, कोपऱ्यातला सराव संपला की माझ्या मागे येऊन बसायचा. मुखवटा न काढता पोटावर पडून पायांमधल्या भोकाला डोळा लावायचा. चकती कोणाच्या काठीवरून कशी सुटते, खांदा आधी वळतो की मनगट, ते बघत राहायचा. बाकीच्यांना चकती दिसायची, त्याला ती सुटायच्या आधी दिसायची. मी त्याच्यासाठी खिडकी होतो. ती वर्षं माझी सगळ्यात सुखाची.

उजव्या खांद्यावरचं भोक

(शिवलेलं आहे. इथून काही सांगता येत नाही.)

डाव्या खांद्यावरचं भोक

सांगतो.

आर्नी दहा वर्षांचा असताना शेजारच्या गावातली मुलं स्पर्धेसाठी येणार होती. आदल्या दिवशी एक चकती माझ्या उजव्या खांद्यावरच्या भोकाच्या काठावर बसली आणि कापड वीतभर उसवलं. आजोबांनी मला खुर्चीवर पसरलं, जाड दाभणाने ते भोक पार शिवून टाकलं आणि वर जुन्या शिडाचा तुकडा लावला. सोमवारी उघडून नीट काठ घालतो, असं ते मला म्हणाले.

तो सोमवार आला नाही. आजोबा विसरले, आणि मित्रांनो, मला तोंड रंगवलेलं आहे, खरं नाही.

पोरं काय करणार. पाच भोकांचा मी चार भोकांचा झालो. बंद भोकावर कोण नेम धरेल? त्या वर्षापासून आमच्या हॉलमध्ये वाढलेली सगळी पोरं चारच जागी मारायला शिकली. हात बसला की माणूस विचार करत नाही. पुढे गोलमध्ये मी असो की आर्नी, चकती त्याच चार जागी यायची. आणि आर्नी रोज त्याच चार जागा झाकायला शिकला. झाकायचा मात्र असा की सरावात त्याला कोणी गोल करू शकत नसे. योएल तर कंटाळून म्हणायचा, तुझ्या आईने तुला विटांच्या भट्टीत जन्म दिला.

लहानपणी हे कुठेच कळलं नाही, कारण लहान मुलांना चकती तेवढी उंच उचलताच येत नाही. आर्नी पंधराचा झाला, सामन्यात परगावची दांडगी पोरं समोर येऊ लागली, आणि चकत्या उजव्या खांद्यावरून आत जायला लागल्या. एकामागून एक.

सरावात भिंत आणि सामन्यात चाळणी. याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला. पोरगा सामन्यात घाबरतो.

आधी मुख्य कोच म्हणाले. मग आया-बाप गॅलरीत कुजबुजले. मग त्याला श्वास मोजायला लावलं, डोळे मिटून शांत तळं आठवायला लावलं. रायलीसुद्धा म्हणाली, मन हलकं ठेव. शेवटी आर्नी स्वतःच म्हणायला लागला, मी भित्रा आहे. सामन्यानंतर तो माझ्या मागे येऊन बसायचा, पण भोकाला डोळा लावायचा नाही.

तो सतरा वर्षांचा असताना हिवाळ्यात हार्तोनेन आला. हा पोरं पारखणारा माणूस. दरवर्षी जूनमध्ये समुद्रापलीकडच्या मोठ्या लीगचे संघ आळीपाळीने, सात फेऱ्यांत, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची नावं पुकारतात. नाव पुकारलं गेलं की तो संघ त्या पोराला आपला मानतो आणि वर्षानुवर्षं घडवतो. हार्तोनेन त्यातल्या एका संघासाठी गावोगाव फिरायचा. त्याने आर्नीचे चार सामने पाहिले, दोन सराव पाहिले. मग कॉफीचा पेला घेऊन माझ्या शेजारच्या बाकावर रायलीजवळ बसला.

"पाय चांगले आहेत, नजर चांगली आहे," तो म्हणाला. "पण मनाचा कच्चा. असंच लिहावं लागेल मला."

रायलीने वही मिटून मांडीवर ठेवली.

"रागावलीस?"

"नाही. लिही काय लिहायचंय ते. पण उद्या लिही."

आर्नी कठड्यापलीकडे काठीला टेप गुंडाळत होता. त्याने ऐकलं. टेप गुंडाळून झाली, तरी तो गुंडाळतच राहिला. संध्याकाळी त्याने आजोबांकडे क्लबाचे पॅड आणून दिले, उंची वाढेल तसे त्यांनीच मोठे बदलून दिलेले. नऊ वर्षांनी. तो म्हणाला, "घ्या आजोबा, आता देऊन टाका कुणालातरी." आजोबांनी ते घेतले नाहीत आणि परत ने असंही म्हटलं नाही. पॅड दोघांच्या मधे जमिनीवर पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल रिकामा होता. रायलीने बर्फाच्या कडेला बसून वहीतली पानं फाडली. त्या वहीवर तिने आजवर सुरकुती पडू दिली नव्हती. सरावाची पानं डावीकडे मांडली, सामन्यांची उजवीकडे. उजवीकडच्या पानांवर एक कोपरा भरीव ठिपक्यांनी काळा झाला होता. डावीकडे तोच कोपरा पांढरा होता. तिथे ना पोकळ ठिपका, ना भरीव. तीन वर्षांच्या सरावात त्या कोपऱ्यात एकही चकती आली नव्हती.

तिला वाटलं, आपण टिपायला चुकलो. ती पानं पुन्हा बघायला लागली. मग तिने सहज मान वर केली.

समोर मी टांगलेला.

तिने पान बघितलं, मला बघितलं. मग उठून आली आणि माझ्या उजव्या खांद्यावरच्या ठिगळावर बोट ठेवलं.

"ताव्हेत्ती," तिने हाक मारली. "हे काय आहे?"

आजोबा चष्मा पुसत आले. "ते होय. फाटलं होतं. सोमवारी उघडणार होतो."

"कुठल्या सोमवारी?"

आजोबांनी तळहात छातीएवढ्या उंचीवर धरून दाखवला. "तेव्हा आर्नी एवढा होता."

मग त्यांच्या लक्षात आलं. ते माझ्याकडे बघत खाली बर्फावरच बसले.

रायलीने फोन करून आर्नीला आणि योएलला बोलावलं. आर्नीला तेच पॅड घालायला लावले. योएलला सांगितलं, उजव्या खांद्यावरून मार. योएलने दहा चकत्या मारल्या. आठ बाहेर गेल्या. दोन आत गेल्या, आणि त्या दोन्ही वेळी आर्नी जागचा हलला नाही. त्याला तिथे हात नेणं माहीतच नव्हतं.

"मला तिथे मारताच येत नाही," योएल म्हणाला. त्याचा आवाज ओशाळला होता. "कधी मारलंच नाही."

आर्नीने मुखवटा वर केला. ठिगळाकडे बघितलं, जमिनीवरच्या पानांकडे बघितलं.

"म्हणजे मी घाबरत नाही?"

"घाबरतोस," रायली म्हणाली. "सगळेच घाबरतात. मी तर उलट्या करायचे. पण गोल त्यामुळे होत नव्हते."

तो खाली वाकला. मला वाटलं, रडतोय. तो हसत होता. इतका हसला की मुखवटा पुन्हा तोंडावर पडला आणि आतून हसणं ऐकू येत राहिलं. मग योएल हसला. आजोबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी खिशातली सुरी काढली.

उजव्या खांद्यावरचं भोक, पुन्हा

टाका तुटताना दुखत नाही, मित्रांनो. आखडलेला खांदा सुटावा तसं वाटतं. सात वर्षांनी माझ्यातून थंड वारा वाहिला आणि मला आपण पुरे आहोत असं वाटलं.

आजोबांनी काठ घातले. सुरी या वेळी घसरली नाही. सुटलेला दोरा आर्नीने मागून घेतला आणि मुखवट्याच्या पट्ट्याला बांधला. पॅड परत करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. हार्तोनेनने काय लिहिलं ते मला माहीत नाही. रायलीने त्याला दोन पानं दाखवली एवढं माहीत आहे. तो बराच वेळ ती बघत होता आणि त्याची कॉफी गार झाली.

मग नवा सराव सुरू झाला. योएल आणि बाकीची पोरं माझ्या पाचव्या जागी मारायला शिकत होती, चुकत होती, माझ्या रंगवलेल्या कानावर आदळत होती. आर्नी तिथे हात न्यायला शिकत होता. आठ वर्षांच्या मुलासारखा उशिरा पोचत होता.

पहिल्या जूनमध्ये त्याचं नाव आलं नाही. उन्हाळ्यात हॉलमध्ये बर्फ नसतो. मी गुंडाळून फळीवर असतो आणि फळीच्या भिंतीपलीकडे कॅन्टीन आहे. तिथल्या टीव्हीवर नावांची यादी संपली तेव्हा खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग आर्नीने विचारलं, "बर्फ कधी घालणार?"

"ऑगस्टमध्ये," आजोबा म्हणाले.

"बरं."

तो पोहायला गेला. तो गेल्यावर रायली आजोबांना म्हणाली की तिला बरंच वाटलं. गोलकीपर उशिरा तयार होतो. आता कोणी त्याला घाईने ओढून नेणार नाही, आणखी एक वर्ष तो आपला.

ते वर्ष मी मोजलं नाही. रायलीच्या वहीत तो पांढरा कोपरा भरत गेला, आधी भरीव ठिपक्यांनी, मग पोकळ.

दुसऱ्या जूनमध्ये मी पुन्हा फळीवर होतो. पलीकडे पहिली फेरी झाली, दुसरी झाली. पाचवी संपली तेव्हा कोणीतरी भांडी धुवायला घेतली. मग एकदम नळ बंद झाला.

मला काही कळेना. कोणी ओरडलं नाही. हौकिनिएमीत लोक ओरडत नाहीत. मग सामानाच्या खोलीचं दार उघडलं आणि आजोबांनी मला फळीवरून खाली ओढलं, जमिनीवर उलगडलं. त्यांच्या मागे आर्नी उभा होता, केस ओले, पायात एकच चप्पल.

"सहावी फेरी," आजोबा मला म्हणाले. "प्रेसू, सहावी फेरी. त्या हार्तोनेनच्याच संघाने."

आर्नी गुडघ्यावर बसला आणि त्याने उजवा हात माझ्या खांद्यावरच्या भोकातून कोपरापर्यंत आत घातला. हात मिळवावा तसा. आजोबांनी सोडलेला श्वास मला माझ्या कापडावर जाणवला. तो त्यांनी दीड वर्ष धरून ठेवला होता, असं मला वाटतं.

सहावं

हे माझं नाही. गेल्या उन्हाळ्यात कोणीतरी मला ओलाच गुंडाळून ठेवलं, आणि उंदराने पोटापाशी कुरतडलं. आर्नी आता समुद्रापलीकडे आहे, आजोबांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, आणि नव्या मुलांना मी जुनं फडकं वाटतो. तक्रार नाही. अजून रोज दोनशे चकत्या खातो आणि कोपऱ्यात एक छोटी मुलगी गुडघ्यावर बसायला शिकते आहे.

फक्त एवढं करा, मित्रांनो. काम झालं की मला सुकवून ठेवा. फाटलं तर शिवा, पण आधी बघा, फाटलंय की मुद्दाम ठेवलंय. पाच माझी आहेत, ती राहू द्या.

उंदराचं तेवढं शिवा. आजच शिवा. सोमवारवर टाकू नका.