नादबाबांची एकतारी आणि पितळी तार

देवगाव फाट्यावर सकाळपासून पाय ठेवायला जागा नसायची. पत्र्याच्या शेडमध्ये नादबाबा गादीवर विराजमान. मागच्या फळीवर एकतारी टांगलेली, तारेची बाजू फळीकडे. "देव जगाकडं पाठ करून बसलाय," हा बाबांचा खुलासा. भक्तानं प्रश्न विचारायचा. उत्तर 'होय' असेल तर कुणी हात न लावता तार गुणगुणायची. 'नाही' असेल तर गप्प. लग्न, कोर्ट, बोअरचं पाणी, सगळं देव एकाच सुरात उरकायचा. फक्त लाईन गेली की देव मौनात जायचा. लाईन येईपर्यंत बाबांचं तप चालायचं.

सेलूच्या म्हाळसाबाईंनी विचारलं, "बाबा, साखरंची सुई बंद करू का?"

घुंऽऽऽ!

म्हातारीनं इन्सुलिन सोडलं. सून रुपालीला हे कळलं ते फ्रिजमधल्या न फोडलेल्या बाटल्या पाहून. सासूला सारखी तहान लागत होती, चालताना झोक जात होता.

"आत्याबाई, दवाखान्यात चला."

"देवानं होय म्हणलंय. डॉक्टर देवापेक्षा मोठा हाय का?"

नवरा अमृत चपला शोधत पुटपुटला, "आईचा देव हाय. तू मधी पडू नको."

रुपाली मागच्या खोलीत गिटारचे पिकअप बनवायची. शिलाई मशिनच्या मोटरीवर केसाहून बारीक तांब्याची तार चुंबकांभोवती गुंडाळायची आणि ते वेटोळं मेणात बुडवायचं. वर गिटारची पोलादी तार हलली की वेटोळ्यात इवलीशी वीज उठते, तीच स्पीकरमधून सूर होऊन निघते. त्या दिवशी वेटोळं गुंडाळता गुंडाळता तिचा हात थांबला. तार हलली की वीज उठते. मग वेटोळ्यात वीज सोडली तर तार हलणार नाही का? आणि हा देव लाईन गेल्यावरच का गप्प होतो?

"चला आत्याबाई," ती उठली, "देवालाच परत विचारू. गप बसला तर मात्र दवाखाना."

"ठरलं," म्हातारी म्हणाली. देवावर तिचा पुरता भरवसा होता.

अमृतही मागोमाग आला. शेडमध्ये रुपालीनं हात जोडले. "बाबा, तार लय गंजलीय. मी नवी पितळी वाहू का?"

शिष्य बजरंग दचकला. "बाबा, जुनीच ऱ्हाऊ द्या..."

"गप रे! सोन्यावानी तार आणलीय बाईनं!" बाबा खूश. आपल्या चमत्काराला कुठली तार लागते, हे बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तार बदलली. म्हाळसाबाईंनी विचारलं, "सुई बंदच ठिवू का?"

एकतारी गप्प. बाबा गादीवर सरकले, घसा खाकरला, पुन्हा सरकले. तरी गप्प.

"देव रुसलाय!" बजरंग ओरडला. "हिनं बाटवला!"

गर्दी रुपालीकडे वळली. तरी तिनं पिशवीतून छोटा स्पीकर जोडलेला पिकअप काढून फळीजवळ धरला. बाबा अजून गादी दाबूनच बसले होते; स्पीकर भुंग्यासारखा घोंघावू लागला. गर्दीतले म्हातारे आश्रुबा पुढे झाले, त्यांनी फळी उचकटली. मागे मुठीएवढं वेटोळं निघालं आणि त्याची वायर थेट बाबांच्या गादीखालच्या बटणापर्यंत गेलेली.

"चुंबक पोलाद ओढतं, पितळ नाही," म्हणत रुपालीनं जुनी पोलादी तार पुन्हा चढवून एकतारी वेटोळ्यासमोर धरली. अमृतला म्हणाली, "तुमी बसा गादीवर. मी विचारलं की बटण दाबा."

अमृत आईकडे पाहत बसला.

"अमृत देव हाय का?" रुपालीनं विचारलं.

घुंऽऽऽ!

"नादबाबा लबाड हाय का?"

घुंऽऽऽ! यावेळी देव जरा जोरातच बोलला.

लोक हसले. म्हाळसाबाई मात्र हसल्या नाहीत. "मी मेले असते की गं," एवढंच म्हणाल्या आणि सुनेचा दंड धरून दवाखान्याच्या वाटेला लागल्या. चार बाटल्या सलाईन लागलं, पण म्हातारी वाचली.

बाबा कधी सटकले ते कुणाला कळलं नाही. उद्या दुसऱ्या फाट्यावर ते घंटा बोलती करतील, नाहीतर खडावा. करू देत. आपण एवढंच करावं: जिथं चमत्कार दिसेल तिथं आधी वायर कुठं जाते ते पाहावं. आणि औषध बंद करायला सांगणारा देव असो की बाबा, त्याला खुशाल 'नाही' म्हणावं. त्यासाठी एकतारीची परवानगी लागत नाही.