डाव्या हातावरचं त्रिनेत्र फूल

त्या आषाढात रेणापूरजवळच्या एका गावात एका बाईखेरीज एकही माणूस दोन हातांचा राहिला नव्हता. ज्याच्या त्याच्या डाव्या तळहातावर एक फूल, आणि बाकीचा संसार उजव्या हाताने. शिंप्याने दुकानाला कुलूप घातलं होतं. न्हावी एका हाताने वस्तरा फिरवी आणि गिऱ्हाईक स्वतःची हनुवटी स्वतःच धरून बसे. मोटारसायकलचा क्लच असतो डावीकडे. तेव्हा चालवणारा नुसता हँडल धरी, आणि मागे बसलेला त्याच्या पोटावरून उजवा हात घालून क्लच दाबी. दोघे मिळून गटारात गेले, तरी फुलं मात्र वर धरलेली.

हे सगळं पुष्पनाथ महाराजांमुळे. गावातले शेतकरी हणमंतराव यांच्या विहिरीजवळच्या जमिनीच्या तुकड्यात त्यांनी उन्हाळ्यात मुक्काम टाकला, चारी बाजूंनी हिरवी जाळी लावली, आणि आत उगवलं त्रिनेत्र फूल.

फूल खरंच कुणी पाहिलं नव्हतं असं होतं. अरुंद, लांब, पिळवटलेल्या पाकळ्या. रंग पिकल्या जांभळाचा. मधोमध काळपट डोळा आणि त्याच्या खाली हिरवागार घसा.

"या पाहा जटा!" महाराज गरजत. "हा तिसरा डोळा! आणि हा विष पचवलेला कंठ!"

"पर महाराज," गावातली महानंदा म्हणाली, "त्यो कंठ तर निळा असतोय न्हवं?"

"कलियुग आहे माई. विषातसुद्धा भेसळ झाली आहे."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. भेसळीबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती.

विधी सोपा होता. सूर्योदयाला महाराजांच्या हातून फूल घ्यायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, त्याला आपला आजार सांगायचा आणि दिवस मावळेपर्यंत हात खाली करायचा नाही. संध्याकाळी फूल मलूल होऊन गोळा झालं, की आजार फुलात उतरला. दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावर नवं फूल हजर. महाराज म्हणत, पुनर्जन्म.

महाराज माणूस मोठा हुशार. या भागात लिंगायतांच्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून पूजा करतात. तिथे एकदा काही ठेवलं की लिंगायत माणसाचा हात आपोआप स्थिर होतो आणि तोंड बंद. गावातल्याच उमाबाईंना नेमकं हेच खटकलं. त्यांचे वडील गुरुपादप्पा लातूरच्या गंज बाजारात धान्याचे आडते, म्हणजे दलाल, होते. रोज पहाटे लिंग तळहातावर घेऊन बसत आणि उठताना पोरींना सांगत, "आडत गंजात चालती गं, देवाघरी न्हाई. देव आपल्या हातावर असताना मधी दलाल कशाला?" साठ वर्षं झाली, तरी तो आवाज, तो विभूतीचा आणि ज्वारीच्या पोत्यांचा मिसळलेला वास उमाबाईंना जसाच्या तसा आठवे.

पण त्यांच्या खुद्द घरातच दलाल शिरला होता. नवरा चंद्रप्पा, किराणा दुकानदार, जुना मधुमेही. रोज इन्सुलिनची सुई लागे, आणि पायाच्या अंगठ्याला महिन्याभराची जखम. फूल हातावर आल्यापासून त्यांनी फ्रीजमधलं इन्सुलिन काढून फेकलं आणि त्या जागी बासुंदीचं पातेलं ठेवलं.

"अवो, सुई घ्या की. पाय काळा पडायलाय."

"आता सुई कशाला? साखर रोज फुलात उतरायलीय. काल सांजच्याला फूल कसं चिकट झालतं, बघितलंस ना? चिकट कशानं होतंय? साखरंनंच की!"

उमाबाईंनी कपाळावर हात मारला. दोन्ही हात मोकळे असलेली गावात ती एकच बाई होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी विसळताना त्यांना माहेरचं परसू आठवलं. गुलबक्षी. संध्याकाळी उमलायची, सकाळी मिटायची. जास्वंद तर सकाळची संध्याकाळी गळालेली. त्या बिचाऱ्यांनी कधी कुणाचा आजार घेतल्याचं ऐकलं नव्हतं.

पुढच्या सकाळी त्या रांगेत उभ्या राहिल्या, फूल घेतलं आणि घरी येऊन वरवंट्यावर ठेवलं. दिवेलागणीला फुलाचा गोळा. तो पदरात घेऊन त्या भर दरबारात गेल्या.

"महाराज, माझ्या वरवंट्याला कोन्ता आजार होता?"

महाराजांनी डोळे मिटले. "माई, त्या पाषाणाने जन्मभर मिरच्या वाटल्या. त्याचा दाह आज शमला."

दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट झाली. निम्म्या बाया वरवंटे घेऊन आल्या होत्या. एकीने मिक्सर आणला होता.

उमाबाईंनी मग लातूरला बहिणीच्या मुलीला, मंजुश्रीला फोन लावला. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. फुलाचं वर्णन ऐकून ती हसत सुटली.

"मावशी, ही डे-लिली. माझ्या गच्चीवर पन्नास कुंड्या आहेत. एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायचे, बी धरायचं, रोपं करायची, दोन-तीन वर्षं वाट बघायची. मग एखादं रोप असं वेगळं निघतं. झालरीचं, दुहेरी, कोळ्याच्या पायांसारखं. त्या डोळ्यासाठी माणसांनी पिढ्या घातल्यात. पण कुठलंही घे, फूल एकच दिवस टिकतं. दांड्यावर कळ्या पुष्कळ, म्हणून रोज नवं."

"मग झाडावर सुकलेली फुलं कशी दिसंनात गं?"

"कुणीतरी आधीच खुडत असणार."

उमाबाईंच्या डोळ्यांपुढे ती हिरवी जाळी आली, आणि दुपार कलली की टोपली घेऊन आत शिरणारा महाराजांचा शिष्य सिद्धेश्वर.

सोमवारी दुपारी उमाबाई पाच-पंचवीस बायांना घेऊन जाळीच्या दाराशी बसल्या आणि भजन सुरू केलं. सिद्धेश्वर टोपली घेऊन आला.

"बाजूला व्हा मावशी, सेवा करायची हाय."

"आमीबी सेवाच करायलोत बाळा. बस, टाळ घे."

भजन थांबवा म्हणायची महाराजांची छाती होईना. सिद्धेश्वर टोपली मांडीवर घेऊन टाळ वाजवत बसला. तोवर मंजुश्री आपल्या चार कुंड्या घेऊन जीपने पोचली. पिवळी, केशरी, दुहेरी फुलं सगळ्यांसमोर ओळीने ठेवली.

दिवस मावळला, दरबारासाठी सगळा गाव जमला. उमाबाईंनी उठून जाळी ओढून काढली.

आत दांड्यादांड्यावर त्रिनेत्र फुलं ओल्या चिंध्यांसारखी लोंबत होती. कुणाच्या हातावर न ठेवलेली, कुणाचा आजार न ऐकलेली. कुंड्यांतल्या फुलांनीही माना टाकल्या होत्या.

"हा भूमातेचा रोग..." महाराजांनी सुरुवात केली.

"भूमातेला शुगर हाय का बीपी?" महानंदाने विचारलं, आणि सगळा जमाव खदखदून हसला. हसता हसता एकेक हात खाली आला.

हणमंतराव तेवढे अडून होते. "पर माजी कंबर खरंच दुखायची राहिली की!"

"काका, फूल धरून दिवसभर बसलात," मंजुश्री म्हणाली. "वाकलाच नाहीत. कंबरेला तेवढंच पाहिजे होतं."

महाराज कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही, कारण उमाबाई ओरडल्या होत्या. चंद्रप्पा हसता हसता जमिनीवर बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं.

त्याच जीपने त्यांना लातूरला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पाय पाहिला आणि आधी कुणावर रागवावं हेच त्यांना कळेना. अंगठा गेला. पाय वाचला. आणखी आठवडा गेला असता तर तोही गेला असता, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

हणमंतराव त्या झाडांवर नांगर फिरवायला निघाले होते. उमाबाईंनी अडवलं. "फूल देखणं हाय. लबाड माणूस होता."

पुढे कुठेही अंगारा, ताईत, मंतरलेलं पाणी असं काही निघालं की लोक आता त्यांना विचारायला येतात. चंद्रप्पा आत पोटाशी सदरा उचलून, स्वतःच्या हाताने सुई टोचत असतात. उमाबाई ओट्यावर बसून एवढंच सांगतात :

"खरं-खोटं मी कोन सांगनारी? आजार डॉक्टरला दाखवा. आन्‌ चमत्कार दावणाऱ्याला एकच इचारा, हे न करता काय झालं असतं? ते बघूस्तोवर कुनापुढं हात पसरू नका."