माझ्या काचेवर टोपलीचं बूड

काच.

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत एक बाई टोपली उलटी करून बघते.

लग्नपत्रिकेवरचा गणपती. सोंड जराशी सरकलेली.

डोक्यावर पिसांचा टोप घातलेला एक नाचणारा माणूस. आमच्या तालुक्यात असा माणूस कुणी पाहिलेला नाही.

घोंगडी. मेंढीचा वास अजून गेलेला नाही.

एक शब्द : "डबडं."

हे सगळं माझ्या अंगावरून गेलं आहे, शेवटचा शब्दसुद्धा. मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. माझ्या काचेवर कागद पालथा ठेवला की माझ्या पोटातला दिवा या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतो आणि कागदाचं चित्र संगणकात उमटतं. मी एका वेळी फक्त एक रेघ पाहतो. संगणक मागे राहिला तर मला थांबावं लागतं, चार रेघा मागे यावं लागतं आणि पुन्हा निघावं लागतं. माझी गोष्टही मी तशीच सांगणार. सरळ, गुळगुळीत गोष्ट हवी असेल तर नव्या स्कॅनरकडे जा.

—

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात आरसे बसवले, भिंग बसवलं, झाकण लावलं. मग थेट खोकं, थर्माकोल आणि अंधार. ते खोकं उघडलं २००१ साली, शहापूरच्या बाजारात, हरेशच्या दुकानात. हरेश लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फलक असं सगळं संगणकावर करून द्यायचा.

तेव्हा माझा काय मान होता म्हणून सांगू! गिऱ्हाईक आलं की हरेश मुद्दाम झाकण उघडं ठेवून माझा दिवा सरकवून दाखवायचा. म्हातारी माणसं दचकून मागे व्हायची. दसऱ्याला झेंडूचा हार आधी मला, मग संगणकाला. किती गणपती, किती नवरानवरी, किती कैलासवासी आजोबा माझ्या काचेवर पालथे झाले, त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

मग एका दिवाळीत नवा स्कॅनर आला. वहीसारखा पातळ. मला टेबलाखाली सरकवलं. माझ्या झाकणावर कागदांचे गठ्ठे आले, गठ्ठ्यांवर चहाची किटली आली. पुढच्या दसऱ्याला हार त्याच्या गळ्यात. मला एक पाकळीही नाही. त्याच दिवशी हरेश कुणाला तरी म्हणाला, "ते खालचं डबडं आता भंगारात टाकायचंय."

मी रडलो नाही. माझ्या जातीत कुणी रडत नाही.

—

रत्ना २००७ साली दुकानात कामाला लागली. बारावी झालेली, हात टायपिंगला चपळ, बोलायला कमी. मुरबाडच्या वाटेवरच्या एका ठाकर आदिवासींच्या पाड्यावरून ती एसटीने यायची. तिची आई चिमी आणि आत्या भिमी बांबूच्या कामट्या काढून टोपल्या विणत. पाड्यावर आणखीही बायका विणत, पण या दोघींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्याच वर्षी ठाण्याहून एक मॅडम आल्या. त्यांना इंटरनेटवर हातकामाच्या वस्तूंचं दुकान काढायचं होतं. पाड्यावर जाऊन त्यांनी टोपल्या पाहिल्या, हातात घेऊन "वा, वा" म्हणाल्या आणि सांगून आल्या, हिवाळाभर जेवढ्या होतील तेवढ्या करा, सगळ्या घेते. बायकांनी विणल्या. चिमीच्या घरात टोपल्या आढ्यापर्यंत गेल्या.

मग मॅडम छापायचं लेबल घेऊन हरेशकडे आल्या. प्रत्येक टोपलीला ते बांधायचं होतं, इंटरनेटवरच्या दुकानातही तेच झळकायचं होतं. लेबलावर डोक्याला पिसं खोवलेला, ढोल वाजवत नाचणारा एक माणूस. खाली ठसठशीत अक्षरांत "आदिवासी कला". बाकी काही नाही.

रत्नाने ते पाहिलं.

"मॅडम, हा कोण?"

"अगं, कुणी खास नाही. लोकांना बघताक्षणी कळलं पाहिजे ना, आदिवासींनी केलंय म्हणून."

"मग नावंच लिहा ना त्यांची."

मॅडम हसल्या. "नावं वाचून कोण टोपली घेतं?"

रत्नाने मॅडमना तिथल्या तिथे सांगून टाकलं, हे लेबल आम्हाला चालणार नाही—

थांबा. संगणक मागे राहिला. मी चार रेघा मागे येतो.

रत्नाने तिथल्या तिथे काहीच सांगितलं नाही. मला तसं आवडलं असतं, म्हणून जीभ घसरली. ती एक लेबल घेऊन घरी गेली. पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं. चिमीने लेबल उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "ह्यो आपल्या कोनाचा सोयरा गो?" भिमी म्हणाली, "इनताना ही पिसं कामट्यांत अडाकली तं सोडवील कोन?" दोघी पोट धरून हसल्या. मग भिमीचं हसू थांबलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने लेबलावर बोट ठेवलं.

"ह्यात माजं नाव कुटं हाय?"

"नाय आत्या."

"चिमीचं?"

"तिचं पन नाय."

भिमीने लेबल परत दिलं. "मंग ह्यालाच सांग इनाया. ढोल ठेव म्हनावं खाली."

दुसऱ्या दिवशी रत्नाने मॅडमना फोन लावला, आणि या वेळी मी मागे येणार नाही, कारण हे मी स्वतः ऐकलं. "मॅडम, टोपलीवर तो माणूस नको. जिने विणली तिचं नाव पाहिजे." पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. शेवटी रत्ना म्हणाली, "बरं. आमचं आम्ही करू."

तिने फोन खाली ठेवला. करणार कसं, ते तिला माहीत नव्हतं. आढ्यापर्यंत टोपल्या, आणि घेणारं कुणी नाही. पाड्यावर बायका चिमीला तोंडावर म्हणू लागल्या, "तुज्या पोरीनं शिकून आमचा हिवाळा पान्यात घातला." त्या टोपल्या विकल्या गेल्या नाहीत तर रत्नाला पाड्यावर मान वर करून चालता येणार नव्हतं. भिमी आणि चिमीच्या नावाला तर पुन्हा कुणी विचारलंच नसतं.

—

दुपारी हरेश जेवायला घरी जाई. तेवढा वेळ संगणक रत्नाचा. हरेशची एकच अट होती : "नव्या स्कॅनरला हात लावायचा नाय. लागला तर ते खालचं डबडं घे."

रत्नाने आधी लेबल स्वतः काढायला घेतलं. मित्रांनो, मी तिच्या बाजूचा आहे, पण खरं सांगतो, पहिलं लेबल भयंकर होतं. चार तऱ्हेची अक्षरं, त्यांना सावल्या, कडेने वेल, कोपऱ्यात तयार चित्रांतून उचललेलं कमळ, मागे इंद्रधनुष्य. जेवून आलेल्या हरेशने पाहिलं आणि विचारलं, "मुहूर्त कधीचा गो? जेवायला यायचं ना आमी?"

रत्ना ओशाळली. तिच्या लक्षात आलं, दुकानात दिवसभर जे करते तेच तिच्या हाताने केलं होतं. तिने ते पुसलं. दुसरं केलं, तेही पुसलं. मग ठरवलं, चित्र वगैरे काही नको, टोपलीच दाखवायची. कॅमेरा नव्हता. हरेशच्या मोबाइलमधल्या फोटोत टोपली आणि शेणाची गोवरी यांत फरक कळत नव्हता.

म्हणून किटली उतरली. गठ्ठे उतरले. रत्नाने ओल्या फडक्याने माझी काच पुसली. मला वर्षाने उजेड दिसला.

आता इथे एक चूक झाली. रत्नाने टोपली माझ्या काचेवर ठेवली. कशी ठेवली? जन्मल्यापासून जमिनीवर ठेवत आली तशी. बूड खाली, तोंड वर. स्कॅनर खालून पाहतो, हे दिवसातून पन्नासदा कागद पालथे घालणारी रत्ना विसरली, कारण कागद ठेवणारा हात वेगळा आणि टोपली ठेवणारा वेगळा. झाकण बसेना, म्हणून तिने ते काढून ठेवलं. वरून उजेड शिरू नये म्हणून रत्नाने आपली घोंगडी माझ्यावर टाकली, चिमीने म्हशाच्या जत्रेतून आणलेली, थंडीत एसटीत अंगावर घ्यायची ती. मी निघालो. रेघ, रेघ, रेघ. थांबलो. मागे आलो. पुन्हा रेघ.

पडद्यावर टोपलीचं बूड आलं.

हरेश तेवढ्यात आला आणि हसून हसून खुर्चीत बसला. "अगो, लोक दुकानाचं तोंड सजवतात, तू बूड दाखवतेस!"

रत्नाने पुसायला बोट नेलं. तेवढ्यात बाजाराला आलेली चिमी लेकीला भाकरी द्यायला दारात उभी राहिली. तिला संगणकाशी काही घेणंदेणं नव्हतं. भाकरी ठेवता ठेवता तिची नजर पडद्यावर गेली.

"भिमीची टोपली हितं कशी आली गो?"

रत्नाचं बोट थांबलं. "भिमी आत्याची कशावरून?"

"कशावरून म्हंजे? चार कामट्या जोडीनं टाकून मदी डोळा ठेवते ना ती. मी कंदी ठेवते का डोळा?" आणि चिमी बाजाराला निघून गेली.

टोपली बुडापासून सुरू होते. पहिल्या कामट्या कशा टाकायच्या, ते जिचं तिचं असतं. पुढे सगळ्यांचे हात सारखेच चालतात. म्हशाच्या जत्रेत शहाणी बाई टोपली आधी उलटी करते, बुडावर अंगठा दाबते आणि मग तोंड बघते. रत्नाने हे लहानपणापासून पाहिलं होतं. आता ती नुसती बघत बसली. काळ्या अंधारातून वर आलेलं पिवळं बूड, चार जोडकामट्या, मधोमध डोळा. मग तिने खाली एकाच तऱ्हेच्या अक्षरांत, सावली न देता, लिहिलं : भिमी. बाकी जागा मोकळी ठेवली.

हरेशचं हसू ओसरलं होतं. "थांब," तो म्हणाला आणि टोपली उचलून त्याने स्वतःच नव्या स्कॅनरवर ठेवली. त्यात काचेला टेकलेल्या दोन कामट्या आल्या, बाकी धुकं. नवा पातळ आहे. चिकटलेलं तेवढंच त्याला दिसतं. माझ्या पोटात आरसे आहेत, भिंग आहे. मी जाड आहे म्हणून मला खोल दिसतं. हे मी कुणापुढे नम्रपणे सांगायला तयार नाही.

"हाय कामाचं डबडं," हरेश पुटपुटला. त्याने माझी मागितलेली माफी तेवढीच.

—

हिवाळा संपता संपता माझ्या काचेवर पाड्यावरच्या एकेका बाईची टोपली आली. ज्या चिमीला बोलल्या होत्या, त्याही आल्या. "माजी पन टाक गो, रत्ने. नीट टाक, वाकडी नको येवाया." रत्नाने इंटरनेटवर फुकट मिळणारी एक जागा शोधली आणि टोपल्यांच्या दुकानाचं पान मांडलं. एका ओळीत तीन बुडं, प्रत्येकाखाली नाव, तळाशी हरेशच्या दुकानाचा फोन. चित्रं फार सावकाश चढायची. वरून खाली, पट्टी पट्टी करत. मला ते ओळखीचं वाटलं.

पान पाहून मॅडमचा फोन आला. आवाज गोड होता. "रत्ना, किती वेगळं केलंयस! हीच चित्रं मला दे. सगळ्या टोपल्या उद्या गाडी पाठवून उचलते. फक्त खालची नावं काढ. माझ्या दुकानात ते बसत नाही."

हरेश हाताने खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. चिमीच्या घरात अजून आढ्यापर्यंत टोपल्या होत्या.

रत्ना म्हणाली, "मॅडम, नाव काढायचं तर बूडही काढावं लागेल. आणि बिनबुडाची टोपली घेऊन तुम्ही काय कराल?"

आणि तिनेच फोन खाली ठेवला. हरेशने कपाळावर हात मारला. "संपलं," तो म्हणाला, "आता बस मोजत कामट्या."

—

ही सगळी २००७-०८ सालची गोष्ट. आता मी पाड्यावर, रत्नाच्या घरी आहे. हरेश मला भंगारवाल्याला देणार होता, त्या सकाळी तिने मला घोंगडीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन आणलं. नवे संगणक मला ओळखत नाहीत, म्हणून तिने माझ्यासाठी एक जुना संगणकही ठेवला आहे. माझा दिवा तापायला वेळ घेतो. काचेवर एक ओरखडा आहे. तो प्रत्येक टोपलीच्या डाव्या कडेला उमटतो. रत्ना तो पुसत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया करा, असं म्हणून माझ्यासारखे गोष्ट संपवतात. मी म्हणणार नाही. दया मला किटलीखाली पुष्कळ मिळाली. वरवर झटकायचे आणि पुन्हा गठ्ठा टाकायचे. मला दया नको, काम हवं. फेकण्याआधी एकदा विचारा, याला असं काय दिसतं जे नव्याला दिसत नाही? आणि तुम्ही हातांनी काही केलंत, टोपली असो, चित्र असो की मातीचा बैल, तर त्यावर दुसऱ्याने आणलेला पिसांचा माणूस चिकटवू देऊ नका. आपलं आपण मांडा. पहिल्यांदा वाईट होईल, वेली येतील, इंद्रधनुष्य येईल. पुसा. पुन्हा करा. आणि खाली नाव घाला. ते कुणी काढायला सांगितलं, गोड आवाजात सांगितलं, तरी काढू नका.

त्या पानावरून विकलेली पहिली टोपली नागपूरला गेली. मागवणाऱ्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं होतं, की ही भिमीबाईंनीच विणली आहे ना.