साक्षीला लाम्ब्रिनी

झिसिमोसचं पाकीट समुद्रात पडलं, तेही होडीतल्या मित्रांना आपलं ओळखपत्र दाखवताना. तरुणपणी आपण किती देखणे होतो, हे त्यांना फोटोवरून पटवून द्यायचं होतं. आता रविवारी श्टुटगार्टला नातवाचा बाप्तिस्मा, बाळाला नावही याचंच ठेवणार, आणि आजोबांना ओळखपत्राशिवाय विमानात कोण घेणार?

ग्रीसच्या लेस्व्होस बेटावरच्या पोलीस ठाण्यातला लेफ्तेरिस रोज संध्याकाळी त्याच्याशी सोंगट्या खेळायचा. तरी तो म्हणाला, “काका, नवं ओळखपत्र हवं तर साक्षीदार आणा. हा माणूस तोच, असं सांगणारा.”

“अरे, अख्खं बेट मला ओळखतं!”

पण बेट ऑलिव्ह उतरवायला रानात गेलं होतं. फोनवर दोघा मित्रांनी “कोण झिसिमोस?” असं विचारून मनसोक्त हसून घेतलं. शेवटी नाक मुठीत धरून त्याने लाम्ब्रिनीला फोन लावला. ही त्याची घटस्फोट झालेली बायको. मीच तिला सोडलं, असं तो कॅफेत सांगायचा. खरं तर तिनेच त्याला सामानासकट घराबाहेर काढलं होतं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं, हे तोही मनातून जाणून होता.

लाम्ब्रिनी आली, चष्मा लावून अर्ज वाचू लागली.

“उंची एकशे अठ्ठ्याहत्तर? याची? खोट्यावर मी सही करायची नाही.”

“अगं, मागच्या कार्डावरही तेवढीच होती.”

“तेव्हा मी साक्षीला नव्हते. बूट काढ.”

उंच टाचांचे बूट निघाले, तसा फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर आला. रांगेतले परगावचे लोक खुदखुदले. लेफ्तेरिसने त्याला भिंतीशी उभं करून मापलं. एकशे एकोणसत्तर. उरलेले नऊ सेंटीमीटर आपण आयुष्यभर नुसते तोंडाने वाढलो, हे झिसिमोसला कबूल करावं लागलं.

लाम्ब्रिनी त्या अंगठ्याकडे बघतच राहिली. ही नाही म्हणाली तर नातू दिसायचा नाही.

“हाच तो,” ती म्हणाली. “हे भोक मी तीस वर्षं शिवलंय.”

लेफ्तेरिसने चाचरत विचारलं, “काकू, तुमचं नातं काय लिहू? माजी पत्नी?”

“नको रे बाळा. लिही, याच्या नातवाची आजी.”

झिसिमोसला भर ठाण्यात रडू कोसळलं. ते लपवायला तो खाली वाकून कितीतरी वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसला. त्या बुटांना नाड्याच नव्हत्या.