फिटरच्या घरातला शब्द

फिट या शब्दाला आमच्याकडे सुटी अशी नाहीच. पँट फिट बसते, नळ फिट करतात, जिना चढून धाप न लागणारा म्हातारा फिट असतो, आणि नशीब फिरलं की माणसाला फिटही येते. एवढ्याशा शब्दाकडून किती फुकट राबवून घ्यायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या फिटरच्या घरात मात्र त्याला बंदी होती. एकुलत्या एक मुलीला शाळेत पहिल्यांदा फिट आली, तेव्हापासून. तिथे नळ 'लावत', कपडे 'मापात येत'. फिटरने दारावरच्या पाटीवर स्वतःला 'जोडारी' करून घेतलं, तर लग्नं जुळवणारा समजून एक बाई मुलाचा फोटो घेऊन आली. मुलीच्या आजाराला आई 'ते' म्हणायची. आता गोळ्यांनी 'ते' बरंच आटोक्यात होतं. तरी सत्तावीस वर्षांच्या मुलीला छकुलीच म्हणत, आणि न्हाणीघराची कडी आतून लावू देत नसत.

छकुली चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण तिथे येऊ लागला. आज दांडी सैल, उद्या नाकावर टोचतंय. चष्म्यात काही बिघाड नाही हे दुकानदाराला कळलं, पण गिऱ्हाईक कोण घालवतो?

मग लिफ्टवाला रीतसर घरी आला.

"सोफा काय फिट बसलाय हो या कोपऱ्यात," तो म्हणाला. "आणि बाबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा फिट."

फिटरच्या घशात बिस्किट अडकलं. आई उगाच आत भांडी हलवायला गेली. छकुली मान खाली घालून हसत होती. या घरात इतकं मोकळं कुणी बोललंच नव्हतं. तिने तिथेच मनातल्या मनात होकार देऊन टाकला.

"लग्न होईपर्यंत तोंड उघडायचं नाही," तो गेल्यावर आईने बजावलं.

छकुलीने दुसऱ्याच दिवशी दुकानाबाहेर त्याला सगळं सांगितलं.

"मग?" लिफ्टवाला म्हणाला. "ताप येत नाही का माणसाला? लग्न तुझ्याशीच."

त्या रात्री ती गुणगुणत जेवली.

रविवारी तो पुन्हा आला. तिच्या हातातला गरम चहाचा कप त्याने आधी काढून घेतला. टीपॉय तिच्या खुर्चीपासून लांब सरकवला. नव्या खोलीचं बोलणं निघालं. "कपाट त्या भिंतीला बरोबर फि..." म्हणून तो थबकला आणि हळूच म्हणाला, "मावेल."

फिटरने कृतज्ञतेने त्याच्याकडे पाहिलं. आईने त्याला आणखी दोन बिस्किटं वाढली. जावई पसंत पडला तो त्या घडीला.

छकुली त्याला सोडायला खाली उतरली. पहिल्याच पायरीवर त्याने तिचा दंड धरला.

"सोड. रोज चढते-उतरते मी."

"असू दे ना. आणि ऐक, आपल्याकडे न्हाणीघराला कडीच नको. मी काढूनच टाकतो."

ती मधल्या वळणावर थांबली. "आपलं लग्न नको."

"मी काय वाईट वागलो का?"

"नाही रे. आईबाबांसारखाच वागलास. अगदी तसाच."

"काळजी वाटते म्हणून करतो गं."

"माहितीये. त्यांनाही वाटते. तू त्या घरात आलास ना, तेव्हा मला वाटलं, एक तरी खिडकी उघडली."

"मी शिकेन."

"तू माझ्याकडे ज्या नजरेने बघतोस ना आता, ती कशी विसरशील?"

विसरेन, असं म्हणता आलं असतं. खोटं बोलायची सवय नव्हती, हीच त्याची पंचाईत. तो एकेक पायरी उतरत गेला आणि प्रत्येक पायरीवर मागे वळून ती नीट उभी आहे ना, हे बघत राहिला.

रडायला ती वर गेली नाही. वर आवाज गेला असता तर 'ते' आलं समजून दोघंही धावत आले असते, एकाने डोकं धरलं असतं, दुसऱ्याने किती मिनिटं चालतं म्हणून घड्याळ पाहिलं असतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि तोंडात ओढणी कोंबून, आवाज न करता रडली.