लाल बटन

त्या साली बोंडअळीनं कपाशी खाल्ली अन् दर्यापूरच्या रस्त्यावर जीपा रिकाम्या धावू लागल्या. लोकांच्या हाती काही नाही, तर जीपमध्ये बसणार कोण? शाहनवाज ज्यांची जीप चालवायचा, त्यांनी ती विकूनच टाकली. तो घरी बसला. शेवटी वरूडचे संत्र्याचे व्यापारी खुशालराव म्हणाले, "ट्रकवर ड्रायव्हर पाहिजे मले. सांजच्याले फोन करतो. उचलला तं काम तुयं, नाही तं दुसऱ्याले बसवीन."

सकाळपासून फोन त्याच्या हातातच. दुपारी त्याची मुलगी माहेनूर शाळेतून आली. पोर दुसरीत, पण बेरीज म्हटली की रडायची. गुरुजींनी फोनमध्ये गणिताचा खेळ टाकून दिला अन् पोरीत जीव आला. बरोबर उत्तराचा फुगा फोडला की तारा मिळायचा. मधेच कंपन्यांचे फोन यायचे, खेळ पहिल्यापासून सुरू व्हायचा, म्हणून बापानंच तिला लाल बटन दाखवलं होतं. "कोणाचाबी असो, काटून टाक. तुयं गणित पहिले." लाड करणाऱ्या बापाला पुढचं मागचं कुठं सुचतं?

"अब्बा, एकच डाव," ती म्हणाली. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. फोन तिच्या हाती देऊन तो पाणी भरायला गेला.

परतला तर माहेनूर नाचत होती. "अब्बा, सगळे तारे भेटले! एकबी गणित नाही चुकलं. फोन येऊन राहिला होता, म्या काटला."

नंबर खुशालरावांचा होता. त्यानं लगेच लावला.

"गाडी लवकर भरली ना बाप्पा," खुशालराव म्हणाले. "तू तं काटूनच राहिला होता. मले वाटलं, तुले काम नाही पाहिजे. दुसरा गेला बी."

पोरीला रागवायला तोंड नव्हतं. शिकवलं त्यानंच. तो भिंतीला टेकून बसला अन् तिच्यासमोरच ढसाढसा रडला. बापाला रडताना माहेनूरनं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच फोन पुढं केला. "खेळ बेटा." तिनं हात मागे घेतले.

"बरं, तोंडी सांग. सात अन् पाच किती?"



"सांग ना," आई नईमा चुलीपासून म्हणाली. "कालच तं येत होतं तुले."

माहेनूरनं बापाच्या डोळ्यांकडे पाहिलं. "मले नाही येत," ती म्हणाली.